नवरदेवाचं कपाट

१

सन एकोणीसशे त्र्याऐंशी, फेब्रुवारीचा शेवट. थंडी गेली होती आणि ऊन अजून चढलं नव्हतं. हवा कोरडी, वारा पडलेला. लाकडावर तेलरंग लावायला वर्षातले एवढेच दिवस खरे. बाकीचे दिवस रंगारी हवेशी भांडण्यात घालवतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे शिकलो ते लाकडावर शिकलो. म्हणून जे झालं ते झालं तसं सांगतो. त्याचा अर्थ लावणं माझं काम नाही.

कपाट माझं नव्हतं, माझ्या जोडीदाराचं होतं. आम्ही उमेदीची सगळी वर्षं एकत्र काम केलं. रंगारी म्हटला की त्याच्या भुवईवरसुद्धा शिंतोडे असतात. हा मात्र रोज गुळगुळीत दाढी करून, भांग पाडून कामावर यायचा. म्हणून सगळे त्याला नवरदेव म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

काम संपलं की तो रंगवलेल्या दारासमोर उभा राहायचा, हनुवटी वर करायचा, गालावरून तळहात फिरवायचा आणि मला विचारायचा, "काय, होईल का यात दाढी?" लाकडाचा आरसा झाला पाहिजे, हा त्याचा हट्ट. मी म्हणायचो, "ठीक आहे." त्याहून जास्त कौतुक मी कुणाचंच करत नाही. तो हसायचा आणि ब्रश धुवायला जायचा.

त्या जानेवारीत तो गेला. स्वतःच्या घरात, मागच्या खोलीत, स्टुलावर बसल्या बसल्या. एका कपाटाला रंगाखालचं अस्तर लावलं होतं आणि ते वाळायची वाट बघत बसला होता. काम चालू असताना तो खोलीतून हलायचा नाही. जेवायला हाक मारली तरी आतून सांगायचा, "वाळलं की उठतो." त्या दिवशी वहिनींनी हाक मारली आणि आतून काहीच आलं नाही. त्या गेल्या तेव्हा तो दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, कपाटाकडे तोंड करून बसलेला होता.

२

महिनाभराने त्याची मुलगी माझ्याकडे आली. ती दुसऱ्या गावी राहते. पोटुशी होती, दिवस भरत आले होते. जिन्याने वर आली ती धापा टाकतच. माझ्या बायकोने तिला आधी बसवलं, पाणी दिलं आणि मला डोळ्यांनी बजावलं की आता तुमचा तो कडक आवाज नको.

मुलीने सांगितलं ते असं. ते कपाट तिच्या बाळाच्या कपड्यांसाठी होतं. बाळंतपणाला आईने आपल्याकडे यावं म्हणून ती दोनदा येऊन गेली, पण आई निघत नव्हती. कपाट अर्धं टाकून येणार नाही म्हणत होती. दुसऱ्या रंगाऱ्याला खोलीत पाऊल टाकू देत नव्हती. दिवसभर त्या खोलीच्या बंद दाराबाहेर बसायची. जेवण नावाला. अंगावरचं लुगडं दुसऱ्या कुणाचं असावं इतकी वाळली होती.

"काका, तुम्ही ते संपवा," ती म्हणाली. "नाहीतर आई तिथे बसून बसून संपेल. मला ती हवी आहे."

तिने विनवायची गरज नव्हती. मी त्याचं एक काम लागत होतो.

आमच्या धंद्यात उसनं काम कामानेच फेडतात. एका वर्षी मी शिडीवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. एका मोठ्या इमारतीची सगळी दारं माझ्या अंगावर होती. नवरदेवाने स्वतःचं काम सांभाळून माझी दारं केली. तीही अशी, की मालकाला ती माझीच वाटली. मजुरी आणून माझ्या उशाशी ठेवली. मी परत करायला गेलो तर म्हणाला, "पैसे दिलेस तर तुझं तोंड बघणार नाही. माझं एखादं काम राहिलं, तर तू कर." तसं त्याचं काम कधी राहिलंच नाही. तो राहू देणाऱ्यांतला नव्हता.

मी मुलीला म्हटलं, उद्या जातो.

३

खोली लहान. उत्तरेला एक खिडकी, समोर भिंत, तिच्याशी कपाट. कपाटासमोर उभं राहिलं की बरोबर पाठीमागे खोलीचं दार. दार बोळात उघडत होतं, आणि बोळात भिंतीला पाठ लावून वहिनी बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत. फक्त किल्ली पुढे केली.

मी आत गेलो, दार लावून घेतलं आणि कडी घातली. रंगकामाचा पहिला शत्रू धूळ. दार उघडं म्हणजे धूळ आत.

कपाट छातीएवढं, दोन पल्ल्यांचं. त्याने स्वतः जोडलं होतं. प्रत्येक पल्ल्याला चौकट आणि मधे एक सपाट फळी. लाकडाच्या गाठींवर लाखेचा हात दिला होता, भेगा लांबी भरून बुजवल्या होत्या, आणि वर पांढरं अस्तर. मी डोळे मिटले आणि बोटांची मागची बाजू फळीवरून फिरवली. डोळ्याला जे कळत नाही ते तिथे कळतं. एक कण लागला नाही. पल्ल्याच्या वरच्या कडेलासुद्धा अस्तर होतं. ती कड कुणी बघत नाही, त्यामुळे सगळे रंगारी ती सोडतात. मीही सोडतो.

खिडकीत एक गडद निळं बटण ठेवलेलं होतं. मुलीच्या लहानपणीच्या कोटाचं. रंग त्यावरून मिसळायचा होता, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

मी अस्तर बारीक पॉलिश पेपरने घासलं, भुकटी टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसली, रंग मिसळला आणि पहिला हात दिला. मग खोली बंद करून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी कडी घालून कपाटासमोर उकिडवा बसलो. निळ्याला चकाकी आली होती. पहिल्या हाताची चकाकी कच्ची असते, तिच्यात सगळं पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. खिडकीचा उजेड दिसत होता. माझं डोकं दिसत होतं. माझ्यामागे खोलीचं दार दिसत होतं.

दार उघडं होतं.

मी वळून पाहिलं. कडी जागेवर होती. हलवून बघितली. परत वळलो. फळीत दार उघडंच होतं आणि पलीकडे बोळाचा अंधार उभा होता.

४

मी घाबरलो नाही. रंगाऱ्याला माहीत असतं की ओबडधोबड पृष्ठभाग खोटं दाखवतो. ब्रशचे माग राहिले की सरळ रेघ वाकडी दिसते. दाराची एक बाजू वाकली की दार उघडं भासणार. एवढं साधं.

उपायही साधा. वॉटर पेपर पाण्यात भिजवला आणि फळी घासून काढली. चकाकी गेली. फळी पाटीसारखी निस्तेज झाली आणि तिच्यात दार नाही, खिडकी नाही, मी नाही. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आवडलं नाही. कामात काही चूक नव्हती, तर बरं वाटायला काय झालं?

दुसरा हात पातळ दिला. रंग मलमलीतून गाळला. ब्रशची शेवटची ओढ वरपासून खालपर्यंत, हात न उचलता. तो वाळल्यावर पाहिलं तर माग जवळजवळ गेले होते. खिडकीचे गज सरळ दिसत होते. सरळ. म्हणजे आता फळी खोटं सांगत नव्हती.

दार उघडं होतं. आणि उंबऱ्यापलीकडे, वहिनी बसायच्या त्या जागी, एक स्टूल होतं.

बाहेर येऊन मी वहिनींना विचारलं की ते स्टूल कुठे असतं. त्या म्हणाल्या, भंगारवाल्याला दिलं. मग माझ्याकडे निरखून बघत राहिल्या.

"का हो भाऊजी?"

"बसायला हवं होतं."

"त्या खोलीत बसू नका," त्या म्हणाल्या. "काय ते उभ्याने करा."

त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती. उतू जाणाऱ्या दुधाबद्दल सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला तेच जास्त लागलं.

५

घरी गेलो. बायको म्हणाली, एवढंसं कपाट आणि चेहरा असा की जहाज रंगवताय. मी जेवलो आणि झोपलो.

तिसऱ्या हातापूर्वी मी सगळं पुन्हा तपासलं. खोलीचं दार, बिजागऱ्या, खिडकीची काच, समोरच्या इमारतीतून काही उलटून येत असेल तर तेही. समोर इमारत नव्हतीच, रिकामी जागा होती. कपाटाचे पल्ले उघडून आत हात घालून बघितलं. आत लाकडाचा वास, दुसरं काही नाही.

तिसरा हात दिला. दोन दिवस वाळू दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी उजेड चांगला असताना गेलो.

स्टुलावर माणूस बसला होता.

पाय जुळवलेले. दोन्ही हात मांड्यांवर. बोटांना वळण नेहमीचं, ब्रश धरून धरून तर्जनी जराशी बाहेर गेलेली. मी त्या बोटाला विडी दिली आहे, त्या बोटाकडून शिव्याही खाल्ल्या आहेत. मानेच्या वर काही दिसत नव्हतं, कारण तिथे फळी संपत होती आणि चौकट सुरू होत होती. मी खाली वाकलो असतो तर चेहरा दिसला असता. मी वाकलो नाही.

तो नुसता बसला होता. हलत नव्हता, बोलावत नव्हता. रंग वाळायची वाट बघणारा माणूस बसतो तसा.

मी सामान तिथेच टाकलं आणि बाहेर पडलो. पुढचे काही दिवस त्या रस्त्यालाही गेलो नाही. उजेडाचा खेळ, म्हातारपण, टर्पेंटाईनचा वास, जे जे कारण सुचलं ते मनात मांडून बघितलं. एकही बसलं नाही. टर्पेंटाईन मी जन्मभर हुंगत आलो आहे.

मग मुलीचा निरोप आला. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता. आईला काही करून पाठवा, दिवस राहिले नाहीत. मी गेलो तेव्हा वहिनी बोळात त्याच जागी होत्या. मी समोर उभा राहिलो. त्यांनी वर न बघता सांगितलं की चकाकी नसली तरी चालेल. दुकानात मॅट रंग मिळतो, तो द्या एक हात आणि मोकळे व्हा. कपाट टेम्पोत चढलं की मी पण चढेन.

"तुम्ही आत जाऊन बघितलंत?" मी विचारलं.

"मला बघायची काय गरज?" त्या म्हणाल्या. "रोज शेजारी बसते."

६

मी मॅट रंगाचा डबा आणला. खोटं कशाला बोलू, आणला. झाकण उघडलं, काठीने ढवळला, ब्रश बुडवला. एक हात, आणि फळी भिंतीसारखी आंधळी होणार होती. मुलीला कपाट मिळणार, आई मिळणार. कुणी नाव ठेवणार नव्हतं.

ब्रश डब्यावर निथळत धरून मी उभा राहिलो. वहिनी टेम्पोत चढल्या असत्या, पण त्याचा शेजार सोडून नाही. मॅट रंगाने मला दिसायचा तो बंद झाला असता. तो उठला नसता. आंधळ्या फळीमागे, बाळाच्या खोलीत, अंगडी-टोपड्यांच्या शेजारी, तो वाळायची वाट बघत बसून राहिला असता. आणि त्याच्या दृष्टीने ते कधी वाळलंच नसतं, कारण काम झालंच नव्हतं. तो माझी दारं करत होता तेव्हा त्याने एकही कड सोडली नव्हती.

मी डब्याचं झाकण लावलं.

तिसरा हात वॉटर पेपरने घासून घेतला, अगदी हलक्या हाताने. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. सदरा काढून बाहेर ठेवला, सुताचा तंतू नको. रंग दोनदा गाळला. पल्ल्यांच्या वरच्या कडा आधी केल्या.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती रंगाऱ्यालाच माहीत असते. ओल्या रंगात ओघळ आला तर तो रंगाकडे बघून दिसत नाही. रंगात जे दिसतंय त्याच्याकडे बघावं लागतं. खिडकीचा गज कुठे वाकला, तिथे ओघळ. म्हणजे काम नीट करायचं तर नजर चुकवून चालत नाही. मी चुकवली नाही. स्टूल होतं, मांड्या होत्या, हात होते. त्याच्या गुडघ्याची रेघ एका जागी थरथरली, तिथे ब्रश टेकवला, सरळ झाली. त्याच्या मनगटावर एक केस चिकटलेला दिसला, तो ब्रशचा होता, चिमट्याने उचलला. डाव्या पल्ल्याची शेवटची ओढ दिली. मग उजव्या पल्ल्याची. वरपासून खालपर्यंत, श्वास रोखून.

ब्रश बाजूला ठेवला आणि उभा राहिलो. वाळेपर्यंत कुणीतरी थांबायला हवं. तो थांबायचा, मीही थांबलो.

खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकत गेला. बोळातून वहिनींच्या बांगड्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला. रंगाचा ओला वास कमी होत गेला. फळीवर कुठे माग नाही, कण नाही. असं काम मी त्यापूर्वी केलं नव्हतं.

माझ्या पाठीमागे स्टुलाचा पाय जमिनीवर घासला.

मी वळलो नाही. खाली वाकून फळीत बघितलं. स्टूल रिकामं होतं.

पावलांचा आवाज आला नाही. फक्त फळीतलं माझं डोकं जिथे असायला हवं होतं तिथे दुसरं काही येत होतं. आधी गळा. मग वर केलेली हनुवटी. तिच्यावर दाढी वाढली होती, पांढरी, आठवड्यांची. मी त्याला आयुष्यात कधी दाढी वाढलेला पाहिलं नव्हतं. मग तळहात आला आणि गालावरून फिरला. तो आवाज मला ऐकू आला. बारीक पॉलिश पेपर लाकडावर फिरावा तसा, माझ्या कानाच्या अगदी जवळ. माझे दोन्ही हात त्या वेळी खाली होते.

हनुवटी तशीच वर राहिली. तो वाट बघत होता. आता रंगाची नाही.

मी म्हणालो, नीट ऐकू जाईल असं म्हणालो.

"होईल."

तळहात खाली आला. फळीत पुन्हा माझा चेहरा होता. मागे दार होतं, बंद, आणि त्याची कडीसुद्धा स्पष्ट दिसत होती.

बाहेरून वहिनींनी विचारलं, "उठले का?"

"उठला," मी म्हणालो.

७

रंग पुरता पिकल्यावर टेम्पो आला. वहिनी पुढे बसल्या, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. मुलीने नंतर कळवलं की कपाट उतरवल्यावर तिने आधी त्यात बघून केस सारखे केले, आणि आई त्या रात्री पोटभर जेवून झोपली.

मी त्याचं एक काम लागत होतो. ते केलं. देणं फिटलं.